पाद्रीबाबांना खाली बसवणारी धून

आर्लीथा शनिवारी एका जुन्या मूकपटाला ऑर्गनवर साथ करणार, हा घोर काही लवोनियाच्या मनातून जाईना. लेक तिची दिवसा पोस्टात, रविवारी अमेरिकेतल्या मेकन गावच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये ऑर्गनवर आणि अधूनमधून जुन्या थिएटरात मूकपटांना साथ करायला. पण या चित्रपटात काळ्या माणसांची टवाळी होती आणि त्यांना ठार मारत हिंडणारे पांढऱ्या बुरख्यातले घोडेस्वार शूरवीर होते.

“अगं, आपल्या माणसांच्या जिवावर उठलेल्यांना तू सूर देणार?” कोलार्डची पालेभाजी निवडता निवडता लवोनिया म्हणाली.

“आई, कसब जबरदस्त आहे गं त्यात. घोडे दौडायला लागले की माझी बोटंसुद्धा मागे धावतात. तीच तर भीती आहे. म्हणून घोडे आले की मी आपल्या पाद्रीबाबांची, पास्टर टॉलिव्हरची धून वाजवणार.”

लवोनियाच्या हातातली पानंच गळाली. प्रवचन फार लांबलं की आर्लीथा जी धून हळूच सुरू करते आणि पास्टर निमूट खाली बसतात, ती! आता ती या घोडेस्वारांनाही ‘पुरे, बसा खाली’ म्हणणार! लवोनिया हसून हसून बेजार झाली.

मग तिला शंका आली. थिएटरात सगळी कॉलेजची मंडळी असणार, चर्चमधली ही खूण त्यांना कुठून माहीत? त्यांना ते घोडेस्वारांचं स्वागतच वाटलं तर? खूण कळून हसणारं कुणी नको का?

तिने हात पुसले. चर्चमधल्या हेझलीनबाई एकदा हसल्या की अख्खा हॉल हसतो. शनिवारी चर्चमधल्या सगळ्या जणींनी रविवारी घालतात त्या मोठ्या टोप्या घालून पहिल्या रांगेत बसायचं, हे त्यांना सांगायला तिने फोन उचलला.