आमच्या अंगणातला हादगा

नऊ वर्षांची असताना मी वाघजाईशी अबोला धरला होता. देवीशी अबोला धरणं एरवी सोपं, देवळात गेलं नाही की झालं. माझी अडचण अशी, की मुळशी खोऱ्यातल्या आमच्या गावात त्या काळी शाळेला इमारत नव्हती. शाळा देवीच्याच सभामंडपात भरायची. रोज तिच्यासमोर बसायचं आणि तिच्याकडे बघायचं नाही, म्हणजे मानेला केवढे कष्ट. मी सरळ गाभाऱ्याकडे पाठ करून बसू लागले. गुरुजी सुरुवातीला रागावले, मग त्यांनी माझा नाद सोडला.

पाठ का फिरवली ते सांगते. लहानपणी आलेल्या तापात माझा डावा पाय लुळा पडला. माझ्या वडिलांनी, आबांनी, बाभळीची काठी तासून दिली होती, तिच्यावर रेलत मी शाळेत जायची. मी चालू लागले की मागे पोरींची रांग लागे, सगळ्या एक पाय ओढत, कमरेत वाकून, हुबेहूब माझ्यासारख्या. पुढे शेवंता असायची. मधल्या सुट्टीत माझी काठी तिच्या हाती लागली की ती थेट गाभाऱ्यात भिरकावली जाई. आत जायला आम्हा मुलांना मनाई होती, म्हणून संध्याकाळी गुरव दिवा लावायला येईपर्यंत मी खांबाला टेकून बसून राहायची. काठी देवीच्या पायाशी पडलेली दिसायची. मी तिला पुष्कळ विनवलं. आधी पाय बरा कर म्हणून, मग निदान काठी तरी दे म्हणून. ती ढिम्म हलली नाही, तेव्हा मीही बोलणं टाकलं.

त्या वर्षी हस्त नक्षत्र लागलं आणि हादगा सुरू झाला. रोज एकीच्या अंगणात पाटावर हत्ती मांडायचा, हात धरून त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखून खायची. इतरांच्या घरी मी ओट्यावर बसून गाणी म्हणायची, कारण माझ्यामुळे फेर तुटतो असं शेवंतानं ठरवून टाकलं होतं. नवरात्रातल्या शुक्रवारी मात्र हादगा आमच्याकडे होता. आईनं भोपळा किसून घारगे तळले, अंगण सारवलं, पाटावर खडूनं हत्ती काढून त्याला झेंडूची माळ घातली. हत्ती जरा म्हशीवर गेला होता. बिचारीनं हत्ती कधी पाहिलेलाच नव्हता.

उन्हं कलली तरी अंगणात कुणी आलं नाही. पोरी कुंपणापलीकडे घुटमळत होत्या, आपसांत कुजबुजत होत्या, पण आत पाऊल टाकत नव्हत्या. आई दोनदा बोलवायला गेली आणि तशीच परत आली. मी तिला म्हणाले, "आये, मी उद्यापासनं साळंत जायाची न्हाई." गोठ्याकडून येणाऱ्या आबांनी ते ऐकलं. माझे हाल त्यांना बघवत नसत. "नगं जाऊ," ते म्हणाले, "दसरा झाला की नाव काढून आनतो." बोलले मायेनंच, पण शाळा खरंच सुटावी असं मला वाटत नव्हतं. मला वाचायला फार आवडायचं. घरात पुस्तक म्हणून नव्हतं, जे काय होतं ते शाळेत. तोंडातून गेलेले शब्द मागे कसे घ्यावेत ते मला कळेना.

तेवढ्यात दारात आवाज आला, "जोगवा वाढा, माय." एक म्हातारी उभी होती, कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. अशा बाया नवरात्रात देवीच्या नावानं जोगवा मागत फिरतात, पण हिला मी आधी पाहिलेलं नव्हतं. आईनं परडीत तांदूळ घातले. म्हातारीचं लक्ष पाटाकडे गेलं.

"हत्ती मांडलाय आन् फेर न्हाई व्हय?"

"पोरी येत न्हाईत, मावशी," आई म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

म्हातारीनं परडी तुळशीपाशी ठेवली आणि माझा हात धरला. "मी येते की. ऊठ गं बाय." एका हाती मी, दुसऱ्या हाती आई, असा आमचा तिघींचा फेर सुरू झाला. तिचे गुडघे धरलेले होते, त्यामुळे ती माझ्याच चालीनं चालत होती. आवाज मात्र खणखणीत. एक गाणं झाल्यावर तिनं कुंपणाकडे बघून हाक मारली, "या गं, हात धरा."

शेवंता तिथूनच म्हणाली, "हितं फेर धरला तर पाय वाळत्यात."

"माजं गुडघं हितं यायच्या आदीच गेल्यात," म्हातारी म्हणाली. "तुजं लई तरणं हायेत. ये."

नवरात्रात जोगवा मागणारीला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. शेवंता आली, तिच्यामागून सगळ्या आल्या. म्हातारीनं शेवंताचा हात माझ्या हातात दिला. तो घामानं ओला झाला होता. तिनं पसरवलेलं ते खूळ तिला स्वतःलाही खरं वाटत असणार. फेर अगदी संथ फिरला, एकदाही तुटला नाही. घारगे काही कुणाला ओळखता आले नाहीत, खाल्ले मात्र सगळ्यांनी, आणि त्या गडबडीत म्हातारी निघून गेली. कासार आंबोलीकडची आहे असं ती आईला म्हणाली होती. पुढे आईनं पौडच्या बाजारात तिकडच्या बायकांपाशी चौकशी केली, पण तशी बाई कुणाच्या माहितीत नव्हती. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. आई त्या दिवसानंतर शुक्रवार धरू लागली, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता आमच्या दारात उभी. पाय शाबूत आहेत याची खात्री करूनच आली असावी. "चल की, साळा भरंल," म्हणाली. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी काठी उचलली. वाटेत ती माझ्या बाजूनं चालत होती आणि सारखी कुरकुरत होती, "किती सावकाश चालतीस गं." व्हायचं तेच झालं, आम्हाला उशीर झाला आणि गुरुजींनी दोघींनाही उभं केलं. गाभाऱ्यासमोर मी शिक्षा भोगत होते, शेजारी शेवंता होती, आणि मला आनंदानं रडू येत होतं. मी देवीकडे नीट बघितलं. तिच्याकडे मी पाय मागितला होता, काठी मागितली होती, पण सोबत मागायचं मला सुचलंच नव्हतं. आता म्हातारी झाले. काय द्यायचं ते मी तिच्यावरच सोडते आणि तिच्यापुढे बसले की जरा कमीच बोलते.