मिलानच्या चर्चचा फोटो

आज इथे दोह्यात मॅडमच्या मुलाने वाढदिवसाच्या मेणबत्त्या फुंकल्या, आणि त्या वासाने मी पुन्हा मिलानच्या मोठ्या चर्चसमोर जाऊन उभी राहिले.

सुट्टीत बाळ सांभाळायला मॅडमनी मला तिकडे नेलं होतं. वसईला आई शेवटच्या दुखण्यात होती, आणि मला घरी जायची रजा मिळाली नव्हती. भाऊ फोनवर म्हणाला, "आईला तिथला फोटो पाठव गं. लवकर."

चर्च इतकं उंच की फोनमध्ये मावेना. दारातून मेणबत्त्यांचा वास येत होता. कडेवर बाळ रडत होतं. टोकावरची सोनेरी मरियामाता दिसलीच पाहिजे, ती बघून आईला बरं वाटेल, म्हणून मी मागे मागे सरकत होते, माणसं बाजूला व्हायची वाट बघत होते. मॅडम ओरडत होत्या, "यल्ला, यल्ला! चल लवकर, टॅक्सी आली!" शेवटी एक फोटो नीट आला. तो पाठवला.

टॅक्सीत बसल्यावर भावाचा फोन आला. "दाखवला आईला. ती विचारते, यात तू कुठे आहेस?"

मी डोळे पुसले, फोन तोंडासमोर धरला आणि मॅडमच्या देखत स्वतःचा फोटो काढून पाठवला. तो पोचला तेव्हा आई गेली होती.

चर्चचा फोटो फार सुंदर आलाय. मला तो बघवत नाही.