शेवंतीची किंमत

घोडीवाल्या मावशी गिऱ्हाइकाला आधी घोडीचा दोष सांगत, मग भाडं. मुरुडच्या किनाऱ्यावर बाकीचे घोडेवाले पर्यटकांच्या गाड्यांमागे धावायचे. मावशी सुरूच्या सावलीत उभ्या राहून म्हणायच्या, "ही पान्याला बिचकते हां. लाट आली की थांबते. पळवायची असंल तर त्या दुसऱ्याकडं जावा." लोक हसत आणि बहुतेक जण तिथेच थांबत.

दापोली तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात माझी पहिली नेमणूक होती. मी साताऱ्याकडची. गाई-म्हशी, शेळ्या माझ्या हाताखालून गेलेल्या, पण घोडा मी कॉलेजातच काय तो पाहिलेला. मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातूनच विचारलं, "डाक्टर कुटं हायत?" मीच डॉक्टर, म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "बरं झालं. घोडी घाबरायची नाय," म्हणाल्या, आणि घोडीने मला लाथ मारल्यावर मीच कशी चुकीच्या बाजूला उभी होते तेही सांगितलं. त्या दिवसापासून मी त्यांची डाक्टरीणबाय झाले.

त्यांचे यजमान दापोलीत टांगा चालवत. रिक्षा आल्या तसा टांगा गेला, घोडी मात्र राहिली. यजमान वारल्यावर मावशींनी तिला किनाऱ्यावर नेलं आणि नऊवारीचा पदर खोचून पोराबाळांना फेऱ्या मारून आणू लागल्या. गावाने आधी नावं ठेवली, नंतर सवय करून घेतली. मावशींचा एक नियम होता, वजनदार माणूस घोडीवर बसवायचा नाही. एकदा एका लठ्ठ गृहस्थांनी दुप्पट पैसे देऊ केले. मावशी अगदी आदराने म्हणाल्या, "सायेब, तुमी चालत चला, घोडी तुमच्यासंगं येईल. फोटोचे पैसे नाय घेत मी." गृहस्थ रागावून निघून गेले. मावशींना त्याचं काहीच वाटलं नाही.

शेवंती त्या घोडीचं शेवटचं शिंगरू. ती वर्षाची झाली आणि आई पोटशूळाने गेली. मी दिवसभर धडपडले, पण उपयोग झाला नाही. मावशींनी मला बोल लावला नाही. शिंगराच्या मानेवर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "आता हिला माणसाळवायचं काम आपल्या दोघींचं."

शेवंती तीन वर्षांची झाली, पाठीवर पोरं घ्यायला लागली आणि त्याच पावसाळ्यात तिचा डावा डोळा आला. पाणी गळायला लागलं, पापणी उघडेना, बुबुळावर निळसर सावट. मावशींनी तीन आठवडे न चुकता औषध घातलं आणि डोळा आरशासारखा स्वच्छ झाला. पण हा आजार मला ठाऊक होता. तो पुन्हा उलटतो आणि दर वेळी थोडी थोडी नजर घेऊन जातो. मी मावशींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जवा येईल तवा बघू. माज्याकडं हाय ना ती."

पण ती त्यांच्याकडे राहायची नव्हती. जांभ्याच्या ओल्या पायऱ्यांवरून मावशी घसरल्या, खांदा मोडला, आणि तो सांधल्यावरही हात वर जाईना. बिचकलेलं तट्टू एका हाताने कसं धरणार? मुंबईच्या मुलाने निक्षून सांगितलं, आता इकडे या. शेवंती विकायची ठरली.

किंमत ठरवायला मावशी दवाखान्याच्या बाकावर येऊन बसल्या. इतका अवघड हिशेब मी कुणाला करताना पाहिला नाही. "कमी सांगितली तर घेनारा तिला फुकटातली समजंल," त्या म्हणाल्या. "आजारी पडली तर डाक्टर बोलवायचा नाय. जास्त घेतली तर पैसं वसूल करायला भर उन्हात दिवसभर पळवंल. मंग किती सांगू, गो?"

"डोळ्याचं सांगितलं तर पंधरा हजारांच्या वर कोणी जाणार नाही," मी म्हणाले.

"आनि नाय सांगितलं तर?"

मला त्यांचा खांदा दिसत होता. मुंबईत सुनेच्या घरी रिकाम्या हाताने जाणारी ही बाई दिसत होती. मी म्हणाले, "चाळीस सांगा, पस्तीसला द्या. डोळा आज स्वच्छ आहे. पुन्हा येईलच असं नाही. कुणी विचारलं नाही तर गप्प राहा."

"तू म्हनतंस म्हंजे बरोबरच असंल," मावशी म्हणाल्या आणि उठल्या. मी शिकलेली होते, म्हणून त्यांनी माझं ऐकलं.

गिऱ्हाईक अंजनवेलचं होतं. इरफान नाव, आखातातली नोकरी सुटून परत आलेला. त्याला गुहागरच्या किनाऱ्यावर घोड्याचा धंदा सुरू करायचा होता. त्याने दात पाहिले, खूर पाहिले, चालवून पाहिलं. डोळ्याचं विचारलं नाही. पस्तीस हजार मोजून दिले. दाभोळच्या धक्क्यावर शेवंती त्याच्यामागून फेरीबोटीत चढली तेव्हा मी मावशींच्या शेजारी उभी होते. "ही पान्याला बिचकते हां," एवढंच त्या ओरडून म्हणाल्या.

नऊ दिवसांनी त्या दवाखान्यात आल्या. चेहरा उतरलेला. "जल्मात पयल्यांदा तोंड शिवून घेतलं, डाक्टरीणबाय. अन्न जात नाय. मी जाऊन सांगून येतंय."

मी म्हणाले, आज गुरांचं लसीकरण आहे. ते होतं खरं. पण पुढे ढकलता आलं असतं. मोडक्या खांद्याने त्या एकट्याच एसटीने दाभोळला गेल्या, बोटीतून पलीकडे, तिथून गुहागर.

तिथे काय झालं ते त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. इरफान एका लहान मुलीला शेवंतीवर बसवत होता, तेही डाव्या, त्या डोळ्याच्याच बाजूने. मावशी लांबूनच ओरडल्या, "उतरव तिला, आधी उतरव!" मग सगळ्यांसमोर डोळ्याचं सांगितलं. तो भडकला. म्हातारीने फसवलं, म्हणाला. मावशींनी ते ऐकून घेतलं आणि पैशांचं पाकीट त्याच्यापुढे धरलं. "मी चुकीची किंमत घेतली. आता तू ठरव. घोडी देतोस तर दे, सगळं पैसं घे. ठेवतोस तर यातलं तुला वाटतील तेवढं घे."

त्याने आधी सगळं पाकीट घेतलं. शेवंतीचा दोर मावशींच्या हातात दिला. मावशी तिला घेऊन रस्त्यापर्यंत आल्या आणि तो मागून धावत आला. दोर परत घेतला, पंधरा हजार ठेवून घेतले, वीस मावशींना परत दिले.

"म्हंजे पंधराला पडली?" मी गडबडीत उलटंच विचारलं.

"वीसला," मावशी म्हणाल्या. "तुज्यापेक्षा पाच जास्त सांगितलान त्यानं. सगळं कळूनसुदा."

माझ्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्या महिन्यातच मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी माझ्या हातात घोडीचं अंग घासायचा जुना खरारा दिला. "माजा हात पोचत नाय आता," म्हणाल्या.

दीड वर्षाने इरफान शेवंतीला घेऊन दवाखान्यात आला. मी त्याला पाहताक्षणीच ओळखलं. शेवंती अंगाने भरली होती, पण डाव्या डोळ्यावर पुन्हा तेच निळं सावट होतं.

"मावशी कशा आहेत?" त्याने विचारलं. "दर शुक्रवारी फोन करायच्या. डोळा बघितलास का, येवढंच विचारायच्या. तीन शुक्रवार झाले, फोन नाही. लावला तर बंद."

मला त्यांच्या मुलाने कळवलं होतं. मी इरफानला सांगितलं. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, तेही सांगितलं. तो पायरीवर बसला. दोर त्याच्या हातात तसाच होता.

मग म्हणाला, "मी त्यांना तेव्हा खूप बोललो, मॅडम. त्या बोलल्या, सगळी चूक माझी, डाक्टरीणबायला डोळ्याचं काहीच माहीत नव्हतं. म्हणून तर आज भरवशाने इथे आलो."

खोटं न बोलणाऱ्या त्या बाईने माझ्यासाठी दुसरं खोटं बोलून ठेवलं होतं. तिथे गप्प बसणं फार सोपं होतं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "आजार काय आहे, पुढे काय होणार, सगळं. पस्तीस हजार मीच सांगितले होते. गप्प राहा, हेही मीच सांगितलं होतं."

इरफान उठला. मला वाटलं, आता हा घोडी घेऊन चालता होणार. त्याने शेवंतीचं तोंड दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे वळवलं.

"मग आता खरं सांगा," तो म्हणाला. "हा डोळा जाणार का?"

"जाणार," मी म्हणाले.