कुंकू ठेवू का काढू

“कुंकू ठिवू का काढू?”

मान वर न करता ती हे विचारायची. समोर कालच आईला पोचवून आलेला माणूस, डोळे सुजलेले, हातात मोबाईल. त्याला आधी कळायचंच नाही. तो “आं?” म्हणायचा. मग ती तेच जरा मोठ्यानं विचारायची आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायची.

लक्ष्मीपुरीतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात ती कॉम्प्युटरवर बसायची. सगळे तिला अक्का म्हणायचे, वयानं मोठा असून मीही म्हणायचो. मी पेपरसाठी निधनाच्या जाहिराती गोळा करणारा माणूस. धंदा वाईट नाही, गिऱ्हाईक आटत नाही. फोटो रंगीत यायचे, ते काळे-पांढरे करून घ्यायला मी तिच्याकडे जायचो. मी दारात दिसलो की म्हणायची, “या पेपरवालं. आज कोण गेलं?”

चौकातले बोर्ड तुम्हीही बघताच. वाढदिवस असला की माणूस रंगीत, गॉगल घालून. मेला की काळा-पांढरा. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण आमच्या कोल्हापुरात तो सहसा कुणी मोडत नाही. आता आईचा एकटीचा, नीट काढलेला फोटो किती घरांत असतो सांगा. जो सापडतो तो कुठल्या तरी लग्नातला. खांद्यावर कुणाचा तरी हात, मागे जेवणाची पंगत. अक्का तो हात काढायची, पंगत पुसायची, रंग घालवायची आणि कुंकवापाशी येऊन थांबायची.

कारण बाई नवऱ्याआधी गेलेली असली की घरचे म्हणत, कुंकू ठेवा. काही जण तर म्हणत, सगळा फोटो काळा-पांढरा करा, पण कुंकू तेवढं लाल राहू दे, भाग्याची होती. नवऱ्यामागे राहिलेली असली की फोटो जुना, नवरा असतानाचा. मग म्हणत, कुंकू तेवढं काढा, बरं दिसत नाही.

“निम्म्या बायका पास, निम्म्या नापास,” अक्का म्हणायची. “आणि निकाल लावतो मी.” कोल्हापूरची बाई, ‘लावते’ कशाला म्हणेल?

काढायचं कसं, ते तिनं एकदा मला दाखवलं. फोटो काळा-पांढरा करताना स्क्रीनवर प्रत्येक रंगाची एक पट्टी येते. लाल पट्टी खाली ओढली की कुंकू काळंकुट्ट होतं. वर ढकलली की फिकट होत होत कातडीत मिसळून जातं.

“पण ओठ बी लालच की,” ती म्हणाली. “कुंकू काढाय गेलं की ओठ बी जात्यात. बाई मुकी हुती.”

म्हणून ती त्या पट्टीला हात लावायची नाही. कुंकवाच्या बाजूची कातडी घेऊन ती जागा ठिपक्याठिपक्यानं भरून काढायची. काम चोख करायची आणि तोंडानं शिव्या द्यायची. शिव्या कुणाला, ते मी कधी विचारलं नाही.

एकदा बिद्रीकडचा एक जण आला. वडील गेले होते, बोर्ड मोठा हवा होता.

“आई हाय का?” अक्कानं विचारलं.

“न्हाय. ती कवाच गेली.”

“मग ह्यांचं काय काढू?”

“म्हंजे?”

“बायको आधी गेलीया न्हवं? मग काय तर काढाय पायजे. मिशी काढू?”

तो भांडायलाच उठला. मालक मधे पडला, चहा मागवला. अक्का म्हणाली, “चेष्टा केली हो पावणं. बाप्याचं काढण्यासारखं काय नसतंय.” दुकान हसलं, मीही हसलो. ती हसली नाही.

पुढे एका गावानं ठराव केला, विधवेचं कुंकू पुसायचं नाही. अभिनंदनाचा फ्लेक्स अक्काकडेच आला. झकास रंगीत. वरपासून खालपर्यंत फेटेवाले. “ह्यात बाई कुटं हाय?” तिनं विचारलं. फोटो घेऊन आलेला म्हणाला, “खाली जागा उरली तर गुलाबाचं फूल टाका.” तिनं टाकलं.

तिचा स्वतःचा नवरा पोरगा लहान असतानाच गेला होता. सासर हुपरीला. घरातच चांदीचा कारखाना, दीर चालवायचा. “घरात पैंजणांचं ढीग,” ती म्हणायची, “आणि माझ्या पायात चप्पल तेवढी.” रोज सकाळी बसनं कोल्हापूरला यायची. आल्या आल्या ड्रॉवरमधली डबी काढायची आणि कॉम्प्युटर चालू करायच्या आधी त्याच्या काळ्या स्क्रीनमध्ये बघून ठसठशीत कुंकू लावायची. संध्याकाळी खोबरेलाच्या बोळ्यानं ते पुसायची. “हुपरीची बस आली की मी बी काळी-पांढरी,” असं म्हणून निघायची.

मला संताप यायचा. एकदा बोललोच, “पुसता कशाला अक्का? कोण खातंय तुम्हाला?”

“पेपरवालं, रातच्याला तुमाला भाकरी कोण वाढतंय? घरचंच न्हवं? मला बी तितंच जेवायचं असतंय.”



पोरगा मोठा झाला, चुलत्याच्या हाताखाली कामाला लागला. गुजरीत सराफांना माल द्यायला आला होता, तो एका दुपारी न सांगता दुकानात आला. दारातूनच त्यानं आईचं कपाळ बघितलं. दुकान भरलेलं.  त्यानं फक्त स्वतःच्या कपाळावरून अंगठा फिरवून दाखवला. पूस.

 अक्का म्हणाली, “न्हाय पुसत. साऱ्या गावाच्या आयांचं मी काढतो. माझं ऱ्हाऊ दे.”

तो गेला. संध्याकाळी ती कपाळ न पुसता बसमध्ये चढली. त्यानंतर तिनं कधीच पुसलं नाही. घरचं काय, विचारलं तर म्हणायची, “ताट वाढून ठेवत्यात. बोलत न्हाईत.” हे सांगताना तिचा आवाज बारीक व्हायचा. मला तो आवाज आवडायचा नाही. दणक्यात बोलणारी बाई ती.

पोराचं लग्न ठरलं त्या सुमाराला तिनं माझ्या हातात तिचा मोबाईल दिला. “एक फोटू काढा माझा. एकटीचा. न्हायतर माझ्या बी खांद्यावरचा हात कोण तर कापत बसंल.” मी तिला दाराच्या उजेडात उभं केलं. हिरवं पातळ, लाल कुंकू. “पोट आत घेऊ का?” म्हणाली आणि हसू येऊ नये म्हणून ओठ घट्ट मिटून उभी राहिली. फोटो फार छान आला. तिथल्या तिथे तिनं तो पोराला पाठवला आणि खाली लिहिलेलं मला वाचून दाखवलं, “पेपरवाल्यांनी काढलाय. मी गेल्यावर ह्यो लावायचा. रंगीत. कुंकवासकट.”

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

“बघितलं की त्येनं,” ती म्हणाली. “बास.”

परवाच्या पावसाळ्यात डेंग्यूचं निमित्त झालं आणि अक्का गेली. तिची जाहिरात माझ्याकडे आलीच नाही. दुकानाच्या मालकाकडून कळलं. रक्षाविसर्जनाला मी हुपरीला गेलो. बसमधून उतरलो तर समोरच बोर्ड. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली शोकाकुल म्हणून सगळी पुरुषांची नावं. फोटो मी काढलेला, तोच. काळा-पांढरा.

पोरगा तिथेच उभा होता. डोकं भादरलेलं, डोळे लाल. रडला होता, खोटं कशाला बोलू? त्या दुपारी दुकानात मला बघितलं होतं, ओळखून जवळ आला.

“बरा आलाय न्हवं काका? तुमीच काढलेला हाय. दुकानात कुटं न्यायचा म्हणून मोबाईलवरच केला.”

“रंगीत लाव म्हणून सांगितलं हुतं की त्यांनी.”

“चुलता ऐकंना. आणि पै-पावणं काय म्हणतील?”

मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. आजही वाटते. पण तिच्या रक्षेला आलेला माणूस मी.

“ते असू दे,” मी म्हटलं. “ओठ कुठं हायत तुझ्या आईचं?”

तो बोर्डाकडे बघायला लागला. 

“लांबनं दिसत न्हाईत,” तो म्हणाला. “जवळ गेलं की दिसत्यात.”

मी जवळ गेलो. कपाळ स्वच्छ होतं. नाकाखाली एक बारीक रेघ होती. ओठ नव्हते.