शाळेच्या जमिनीवरची कृष्णा

तिसरीत असताना मला वर्गात बोलता येत नसे. घरी, ओढ्यावर, मैत्रिणींत मी भरपूर बोलायची. पण गुरुजींनी नाव घेऊन उभं केलं की नजर पायाच्या अंगठ्याशी जाऊन बसायची. कृष्णेला मिळणाऱ्या नद्या सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, कुडाळी, वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना. त्या सुरात माझाही आवाज असे. एकटीला विचारलं की एकही नाव ओठावर येत नसे.

परीक्षेला दिपोटी येणार होते. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना गावात दिपोटी म्हणत. ते एकेकाला उभं करून विचारणार होते. नापास झालीस तर शाळा बास, म्हसरं राखायची, असं वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं. मला चौथीत जायचं होतं. चौथीतल्या मुली दौत-टाक घेऊन कागदावर लिहीत, आणि मला तेवढं कारण पुरे होतं.

शाळा देवळाशेजारच्या धर्मशाळेत भरे. तिची जमीन आम्ही मुलीच दर शनिवारी शेणाने सारवत असू. दिपोटी यायच्या आदल्या संध्याकाळी ते काम माझ्याकडे आलं. सारवताना हाताचे अर्धगोल पंखे उठवायचे, अशी रीत. त्या दिवशी एकटीच होते म्हणून असेल, मी ओल्या सारवणात बोटाने नदी ओढली. दारापाशी वाईचा घाट काढला, पायऱ्यांसकट, कारण तिथे माझी आत्या राहायची. मग मिळणाऱ्या नद्या एकेक करून. कऱ्हाडला कोयना समोरून येऊन भेटते, तशी काढली. त्याच्या खाली आमचं गाव, त्यात आमचा गोठा. आणि पार समोरच्या भिंतीशी, जिथे जिल्ह्याचा नकाशा टांगलेला होता, तिथे सांगली. सांगलीला थोरली बहीण दिली होती, म्हणून तिथे एक चूल काढली.

सकाळी जमीन वाळून कडक झाली होती. गुरुजी दारातच थांबले. मला वाटलं, आता छडी. ते खाली वाकून बघत म्हणाले, "उलटी काढलीस गं बाय. नकाशात उत्तर वर असते." पुन्हा सारवायला वेळ नव्हता, दिपोटी देवळापर्यंत आले होते. मग गुरुजींनी धोतराचा सोगा उचलला, जपून पाऊल टाकलं आणि नदी ओलांडून खुर्चीकडे गेले. मला हसू आलं.

माझी पाळी आली तेव्हा ते हसू कुठल्या कुठे गेलं. दिपोटींनी नद्या विचारल्या. मी उभीच. त्यांनी पेन्सिल उचलली, तेवढ्यात गुरुजी हळूच म्हणाले, "साहेब, तिला उभ्यानं येत नाही. चालत विचारा."

दिपोटींनी तेव्हा पहिल्यांदा खाली पाहिलं. मी दाराशी गेले आणि काठाकाठाने चालू लागले. नदी येऊन मिळाली की थांबायची, की तिचं नाव तोंडात यायचं. कोयनेपाशी आवाज जरा मोठाही झाला. सांगलीला पोचले तेव्हा मी भिंतीला टेकले होते.

"नद्या बरोबर," दिपोटी म्हणाले, "पण नकाशा उलटा आहे. उत्तर वर पाहिजे."

"वर कशी आसंल?" मी म्हणाले. "किस्ना तर त्या अंगानं येती." आणि दाराकडे हात केला.

वर्गात इतकं बोललेली मी पहिल्यांदाच. मुली माझ्याकडे बघत राहिल्या. दिपोटी उठून दारात गेले, बाहेर उसाच्या फडांपलीकडे नदी खरंच त्या अंगाने, उत्तरेकडून येताना पाहिली, मग वळून भिंतीवरचा नकाशा पाहिला. परत येताना तेही नदीच्या कडेकडेनेच आले. कागदावर काढशील तेव्हा उत्तर वर काढ, एवढं मला बजावलं आणि पेन्सिलीने पास लिहिलं.

पुढच्या शनिवारी गुरुजींनी तेवढा पट्टा सारवू दिला नाही.

परीक्षेच्या दिवशी घरी आले तेव्हा वडील बैलांना वैरण टाकत होते. काय विचारलं, म्हणाले.

"किस्ना कुठनं येती ते."

वडिलांनी पेंढी तशीच हातात धरली. "आन येवढं सांगाया तीन वर्सं शाळा?" मग हसायलाच लागले. "जा गं. बघू तर चौथीत काय इचारत्यात."