मत आणि म्हणणं

कर्जत तालुक्यात कमरजहाँचा चेहरा फार थोड्यांना ठाऊक आहे. आवाज मात्र सगळ्यांना. पाणी येणार नसो, रक्तदान शिबिर असो, चादरींचा सेल लागो, रिक्षाच्या टपावरचा भोंगा घुमला की पोशीरच्या बायका भांडी घासायच्या थांबतात आणि म्हणतात, "आली बोलनारी बाय."

हा आवाज बाहेर आला तो झाकीरच्या संतापातून. झाकीर तिचा नवरा, मंडप-खुर्च्या आणि साउंड सर्व्हिसवाला. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा पोलिओच्या डोसाच्या आदल्या दिवशी त्याचा ठरलेला अनाउन्सर घसा बसवून आला. झाकीरनं माइक आपटला. "आता काय मी बोलू? माझा आवाज ऐकला तर पोरं डोस घ्यायच्या आधीच रडतील!"

कमरजहाँ ओट्यापाशी वाटण काढत होती. हात पुसत म्हणाली, "द्या इकडं."

नेरळच्या मराठी शाळेत प्रार्थनेनंतर बातम्या तीच वाचायची. 'बाळ' या शब्दातला ळ तिनं असा काही घोळवला, की दुसऱ्या दिवशी डोसाच्या रांगेत एक आजोबा झाकीरला विचारत होते, "बाई पुण्याच्या का रं?"

"नाय," झाकीर म्हणाला, "माझ्या घरच्या."

तेव्हापासून मागची खोली तिची झाली. भिंतींना गोधड्या टांगायच्या, पंखा बंद करायचा, मालगाडी जाईपर्यंत दम धरायचा आणि मग बोलायचं. निवडणुका आल्या की ती सगळ्याच पक्षांसाठी बोले. सकाळी ज्याला प्रचंड बहुमतानं निवडून द्यायचं, त्यालाच दुपारी घरी बसवायचं. कुणी टोमणा मारला तर तिच्याकडं उत्तर तयार असे. "वाचते ते खोटं असलं तरी चालेल. पण खोटं कोन बोलतंय ते ऐकणाऱ्याला कळलं पायजे. उमेदवाराचं नाव घेऊन बोलते ना? मग झालं."

एवढा एकच नियम. बाकी आवाज भाड्याचा, खुर्च्यांसारखा.

गेल्या वर्षी दहिवलीत एका नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर पाटी लागली: 'लोकविचार दारिद्र्य निर्मूलन अभ्यास केंद्र'. संचालक किरण, खालापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, पुण्याहून मोठं काही शिकून, दाढी वाढवून परतलेला. मजकूर लिहिलेला कागद घेऊन तो झाकीरच्या दुकानात आला.

"सोप्या भाषेत सांगायचं तर ही थिंक टँक आहे," तो म्हणाला.

"टाकी?"

"विचारांची. गरिबी हटत का नाही, याचा विचार करायचा. गरिबांना विचारून."

"आजवर कुनी केला नाय?"

"त्यांना न विचारता केला."

हे उत्तर पडद्यामागं उभ्या कमरजहाँला आवडलं. कागद मात्र आवडला नाही. "सर, हे 'अराजकीय' काढा. भोंग्यातनं 'अराजक' ऐकू येईल. लोक दारं लावून घेतील."

किरण हसला, पण मजकूर ट्रस्टींनी मंजूर केलेला होता. त्याला हात लावायचा नाही म्हणाला. मग तिनं तो तसाच म्हटला, अगदी मधासारखा. "आपलं मत मोलाचं आहे! आपलं मत देण्यासाठी दहिवलीला अवश्य या!"

पहिल्या बैठकीला पोशीरची भागूबाई आली. साठी उलटलेली, भातशेती करणारी, कंबरेला पदर खोचलेली. सोबत दोन शेजारणी. तिघींच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं मतदान कार्ड.

"मशीन कुठं हाय?" भागूबाईनं विचारलं.

"कसलं मशीन, मावशी?" किरण म्हणाला.

"मत द्यायचं. बोलनारी बाय बोलली, मत द्यायला या."

"मत म्हणजे... तुमचं मत. तुम्हाला काय वाटतं ते."

"ते आमी मशीनलाच सांगतो. मानसांना सांगून लय फसलो." तिनं बोट पुढं केलं. "शाई नाय लावनार?"

माइकची वायर जोडायला झाकीरबरोबर आलेली कमरजहाँ हसता हसता खाली सतरंजीवर बसली. हसू आवरल्यावर म्हणाली, "सर, 'मत' हा शब्द मशीनच्या मालकीचा झालाय. तो सोडा. 'म्हणणं' म्हणा."

या वेळी किरणनं ऐकलं. नवीन मजकूर दोघांनी मिळून केला. या, बसा, तुमचं म्हणणं सांगा. हा कुठल्याही पक्षाचा कार्यक्रम नाही. आणि शेवटी एक वाक्य कमरजहाँनं आपल्या पदरचं घातलं: 'इथं तुमच्याकडं कुणी मत मागणार नाही.'

बोलण्याआधी तिनं माइकवर हात ठेवला. "सर, हे माझं वाक्य हाय. खरं ना?"

"शंभर टक्के."

"मग बोलते."

बायका येऊ लागल्या. आधी चहासाठी, मग एकमेकींचं ऐकायला. किरण टाइप करत राही. कमरजहाँचं तिथं काम नव्हतं, तरी ती जाऊन बसे; भोंग्याबाहेरच्या साध्या बोलीत तिचा आवाज कुणी ओळखत नसे. वर्षानुवर्षं भोंग्यातून एकाच दिशेनं बोलत आलेल्या बाईला समोरून उत्तर ऐकायची चटक लागली होती.

"गरिबी म्हंजे काय इचारता?" भागूबाई एकदा म्हणाली. "माज्या सुनंला साजगावला कंपनीत काम लागलं व्हतं. शिफ्ट सुटायची तवा परतीला काय मिळायचंच नाय. काम सोडलं. आता साहेब लोक येतात, म्हनतात, घरी बसल्या बसल्या शिलाई मशीन घ्या. अरं, आमी गाडी मागतो नि तुमी मशीन देता!"

"परत मशीन," कमरजहाँ म्हणाली.

"नाय तर काय गं! ह्यांच्याकडं दुसरं कायच नाय का?"

खोली हसली. किरणनं मात्र न हसता ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. त्या क्षणी कमरजहाँला वाटलं होतं, टाकी भरतेय.

मग जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या आणि जगदीशभाऊ दुकानाची पायरी चढले. तालुक्यातले वजनदार पुढारी. मागं किरण, मान खाली.

"भाभी, कमाल केलीत," भाऊ खुर्ची ओढून बसले. "तुमच्या आवाजानं बायका दहिवलीला आल्या. आता त्याच आवाजानं त्यांना बूथवर आणायचं. मजकूर आणलाय."

"केंद्राचा नि तुमचा काय संबंध, भाऊ?"

"घ्या! जागा माझी, खुर्च्या पक्षाच्या, ट्रस्टी माझा मेहुणा. गरिबीचा विचार काय हवेत होतो?"

कमरजहाँनं किरणकडं पाहिलं. "सर?"

"मला ठाऊक होतं मदत त्यांची आहे," किरण पुटपुटला. "वाटलं, अहवाल पुरा होईपर्यंत तरी ते काही मागणार नाहीत."

"भाऊ," ती म्हणाली, "गेल्या वेळी तुमचा प्रचार मीच केला. पुढच्या वेळी पण करीन. या वेळी नाय."

"का?"

"त्या बायकांना सांगितलंय, इथं कुणी मत मागणार नाही."

"ते या किरणनं लिहिलेलं. तुम्ही फक्त वाचलंत."

"बाकीचं वाचलं. ते वाक्य माझं होतं."

भाऊ हसत उठले, पण चहाचा कप भरलेलाच राहिला. ते गेल्यावर झाकीर तापला.

"तुला काय पडलंय? त्या खुर्च्या मी पहिल्याच दिवशी वळखल्या होत्या. पाठीवरचं पक्षाचं नाव खरवडलंय, म्हणून तर भिंतीला पाठ लावून मांडतात! नाव मीच रंगवलेलं."

"आनि मला सांगितलं नाय?"

"खुर्ची कुनाची ते बसनाऱ्याला कशाला?"

"सदफचे अब्बा," ती शांतपणे म्हणाली. लेकीच्या नावानं हाक आली की झाकीर गप्प होतो, कारण पुढं काय येणार ते त्याला कळत नाही. "तुमच्या खुर्चीवर बसून कुनी पडला तर लोक तुमाला शोधत येतात ना? माझ्या शब्दावर बसलेत ते."

आठवडाभरात केंद्राची पाटी उतरली. भाऊंना आता त्या जागेत प्रचार कार्यालय हवं होतं. "टाकी रिकामी झाली, वैनी," शुक्रा म्हणाला. हा झाकीरची भोंग्याची रिक्षा चालवणारा, नेरळच्या बाजूला डोंगरपायथ्याच्या वाडीतला. पण दोनच दिवसांनी तो दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होता.

"वैनी, तुमी भाऊंसाठी बोललाव?"

"नाय."

"मंग ह्ये कोन?" त्यानं मोबाईल पुढं केला. त्यानं काढलेल्या व्हिडिओत दुसऱ्याच कुणाची रिक्षा पोशीरमधून फिरत होती आणि टपावरच्या भोंग्यातून कमरजहाँचाच आवाज घुमत होता, मधासारखा: "आपलं मत मोलाचं आहे! आपलं मत..." आणि तिथं खटकन तोडून एका पुरुषाचा खर्जातला आवाज, "...जगदीशभाऊंना!"

पहिलं रेकॉर्डिंग. टाकून दिलेलं. तिनं किरणला फोन लावला.

"फाइल केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये होती, ताई," तो म्हणाला. "कॉम्प्युटर पण त्यांचाच होता. माझ्याकडं फक्त बायकांचं टाइप केलेलं आहे. ते मी काढून आणलं."

"ते जपा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग झाकीरकडं वळली. "आज रिक्षा कुठं जातेय?"

"साड्यांचा सेल. पोशीर, नेरळ. परवानगी तेवढीच हाय, कमर. दुसरं काय बोललीस तर..."

"सेलचंच बोलते. पेन ड्राइव्ह ठेवा घरी. माइक द्या."

रिक्षात मागच्या सीटवर भोंग्याची बाई स्वतः बसलीय, हे शुक्रानंही पहिल्यांदाच पाहिलं. पोशीरच्या देवळापाशी त्यानं गाडी थांबवली. कमरजहाँनं घसा साफ केला.

"सुवर्णसंधी! कर्जत बाजारपेठेत साड्यांचा भव्य सेल! सहावारी, नऊवारी, रोजच्या वापराच्या आणि लग्नाच्या!" दारं उघडली. नेहमीच्याच बायका बाहेर आल्या, पण कपाळाला आठ्या घालून. "आणि आता एक चूक दुरुस्ती."

शुक्रानं आरशात पाहिलं.

"मी कमरजहाँ बोलतेय. कर्जतच्या झाकीर साउंड सर्व्हिसची. हा आवाज माझा आहे. दहिवलीला तुमच्याकडं कुणी मत मागणार नाही, असं याच आवाजात मी सांगितलं होतं. मागितलं. तेही माझाच आवाज कापून, मला न विचारता. ते मत मागणं माझं नाही. पण मागणार नाही हा शब्द माझा होता आणि तो खोटा ठरला. तो मी परत घेते. चूक दुरुस्ती संपली."

भागूबाई रस्त्यावर आली होती, हात कंबरेवर. रिक्षात डोकावून तिनं कमरजहाँला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू ती. माइकच्या वायरी जोडनारी! तूच बोलनारी बाय?"

"मीच."

"येवढे दिवस शेजारी बसून चा प्यालीस, नि बोलली नाय गं?"

"कुनी विचारलं नाय."

"हां! आता कशी आमच्यासारखी बोलली." भागूबाईनं हात पुढं केला. "आन ते इकडं."

माइक तिच्या हातात उलटा गेला. कमरजहाँनं सरळ केला. भागूबाईनं आधी त्यात फुंकर मारली. देवळावरची कबुतरं उडाली.

"हॅलो. ऐकू येतंय का रं, भाऊच्या हापिसात? मी भागूबाय बोलतंय. मत इचारता पन येतं, नि मागता पन येतं. तुमी इचारायला बसवलंव नि मागून घेतलंव. आमचं म्हननं त्या दाढीवाल्या पोराकडं लिवलेलं हाय. साजगावची शिफ्ट सुटंल तवा गाडी पायजे. आधी त्ये वाचा, मंग या मागायला." ती थांबली. मागच्या बायका खिदळत होत्या. "आनि साड्यांचा शेल हाय कर्जतला. किती दिस गं?"

"रविवारपर्यंत."

"रविवारपतुर!" भोंगा दणाणला. मग तिनं माइक बाजूला धरून, हळू आवाजात, म्हणजे शेजारच्या आळीला ऐकू जाईल एवढ्याच, विचारलं, "खरंच शेल हाय ना? का तिथं बी कोन मत मागाया बसलंय?"

"तिथं नुसत्या साड्या हायत. मी बघून आले."

"तू बघून आलीस?"

"आले."

भागूबाईनं माइक परत दिला आणि रिक्षाच्या टपावर थाप मारली. "जा मंग. पुढच्या आळीला सांग."

शुक्रानं गाडी चालू केली. पुढच्या वळणावर कमरजहाँनं चूक दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून म्हटली, नावासकट. नेरळपर्यंत प्रत्येक आळीत म्हटली, आणि प्रत्येक वेळी सेलनंतरच.

शनिवारी साड्यांच्या दुकानदाराचा झाकीरला फोन आला. "झाकीरभाई, पोशीरच्या बायका आल्यात. टेंपो करून! दारातच विचारतात, बोलनारी बाय बोलली तीच का ही जागा? काय सांगू?"

झाकीरनं आत पाहिलं. गोधड्या टांगून झाल्या होत्या, पंखा बंद होता.

"हो म्हणून सांगा," तो म्हणाला. "आनि फोन ठेवा. रेकॉर्डिंग चालू हाय."