मोर्चातली अक्का, जीपमधली अक्का

आमच्या जुन्या महिला मंडळातल्या दोघी जरी बसस्टँडवर भेटल्या, तरी सुमनअक्काचा विषय निघतोच. एस्टी निघून जाते, किस्से संपत नाहीत!

जालना जिल्हा नवीन झाला होता. जालन्यातच मस्तगडला एका खोलीत आमचं मंडळ, मोर्चात अक्का सगळ्यांच्या पुढं. जाफराबादकडची एक बाई रडत आली. नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलेली. अक्का तिला आणि मला घेऊन थेट त्याच्या दारात.

नवरा म्हणाला, "ही आमच्या घरातली गोष्ट हाये."

"बराबर! मंग घरातच बसून बोलू. चहा टाका."

तो चुलीपाशी गेला. बराच वेळ नुसते डबे वाजले. शेवटी डोकं बाहेर काढून बायकोलाच विचारतो, "साखर कुठं ठिवली?"

ती अंगणातून म्हणाली, "घरात घेतलं तर सांगते!"

त्यानंतर अक्का त्या बाजूला गेली की तिच्याकडे डोकावायचीच. चहा मात्र नवऱ्यानंच करायचा!

*

पुढं अक्का पंचायत समितीला उभी राहिली. समोर एक मोठे पाटील. एका दुपारी खुद्द पाटलीणबाई आमच्याकडे!

"अक्का, ह्यांच्या सभेला बायका जमवायचं काम माझ्याकडं हाये. गर्दी त्यांना, मतं तुम्हाला!"

अक्का म्हणाली, "टाळ्या पण जोरात वाजवा. न्हाईतर डाऊट येईल!"

*

अक्का निवडून आली, सभापती झाली. ऑफिसात तिच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची. "मिस्टरांसाठी," शिपाई म्हणाला. बाई सभापती झाली की कारभार नवरा बघणार, असंच सगळे धरून चालायचे.

अक्काचे मिस्टर म्हणजे आमचे गुरुजी, शाळामास्तर. एकदा ते आले आणि त्या खुर्चीवर बसले. सगळं ऑफिस कान टवकारून.

"बोला, काय अडचण आहे?" अक्कानं विचारलं.

गुरुजी हळूच म्हणाले, "घराची चावी तुझ्याकडंच राह्यली."

*

सरकारी जीप मिळाली, तर रस्त्यात डोक्यावर ओझं घेतलेली बाई दिसली की अक्का गाडी थांबवायची. ड्रायव्हर रशीदभाई वैतागले. "अक्का, ही सरकारी गाडी हाये, काळीपिवळी न्हाई!"

"म्हणून तर भाडं घेत न्हाई!"

*

आणि तो पंधरा ऑगस्ट! एका गावात कमल नावाची बौद्ध वस्तीतली तरणी बाई सरपंच झाली होती. झेंडा तिच्या हातून फडकू द्यायचा नाही, म्हणून उपसरपंचानं युक्ती केली. प्रमुख पाहुणी म्हणून अक्कालाच बोलावलं आणि दोरी तिच्यापुढं धरली.

अक्कानं खांदा चोळला. "माझा हात लई दुखून राह्यलाय. सरपंचबाईला द्या."

"मंग मीच ओढतो," उपसरपंच म्हणाला.

"सरपंच हजर असताना?"

तो दोरी सोडेना, अक्का जागची हलेना. शाळेची पोरं उन्हात सावधान उभी. कमल मान खाली घालून.

तेवढ्यात बायकांतून उपसरपंचाची म्हातारी आई ओरडली, "आरं, लेकरं वाळून चालली! दे की त्या पोरीला दोरी!"

कमलनं दोरी ओढली. फुलं तिच्याच डोक्यावर पडली. तिला रडू आवरेना. अक्का दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

परतताना रशीदभाईंनी काळजीनं विचारलं, "अक्का, दवाखान्यात घेऊ का? हात दुखून राह्यला होता ना?"

अक्का म्हणाली, "कोणता?"